एक उपोषण द्या

चेंबुपारा नाक्यावरच्या उपोषणाच्या मंडपात त्या सकाळी तिघं जण होते. ओमनाचेची, कारण त्या दिवशी उपोषणाला बसायची पाळी तिची होती. पौलोसचेट्टन, कारण त्या दिवसाच्या उपोषणाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते होतं. आणि एक कुत्रं. ते श्रोता म्हणून आलं होतं आणि स्वागताचं भाषण चालू असतानाच अंग झटकून निघून गेलं.

“गेलं बघ, तेही गेलं!” रस्त्यापलीकडच्या शिलाईच्या दुकानातून दिवाकरन ओरडला. हा ओमनाचेचीचा नवरा. “ओमने, आता तरी उठ. लग्नाच्या ब्लाउजांचा ढीग पडलाय इथे. नवरीची आई सकाळपासून दोनदा येऊन गेली.”

“तुम्ही काज-बटणं करा, तोंड नका चालवू!” ओमनाचेची म्हणाली. समोरचा माईक चालूच होता, त्यामुळे हे पार चर्चपर्यंत ऐकू गेलं.

ओमनाचेची ही नाक्यावरची शिंपीण. सगळा गाव तिला चेची म्हणजे ताई म्हणतो, आणि भांडायला आला की जरा जास्तच म्हणतो. तिचा मुळातला स्वभाव काही उपोषणाचा नव्हे. बाईला सकाळी तांदळाचा वाफवलेला पुट्टू आणि हरभऱ्याची उसळ पोटभर लागते. पण तिला या मंडपात आणून बसवलं ते पंचायतीच्या मेंबर सुगतननं. रस्ता रुंद करायचा म्हणून याच सुगतननं नाक्यावरची जुनी सिमेंटची बसशेड पाडली. पाडताना छातीवर हात ठेवून सांगितलं, “तीन महिन्यांत नवी बांधतो.” रस्ता रुंद झाला, त्यावर पांढरे पट्टे आले, दोन ओणम येऊन गेले. शेडचा पत्ता नाही. माणसं उन्हात उभी. मग एका दुपारी ओमनाचेचीच्या सासूबाई, कल्याणीअम्मा, गुडघे शेकून घ्यायला इस्पितळात निघाल्या होत्या, त्या बसची वाट बघता बघता चक्कर येऊन गटारात पडल्या आणि मनगट मोडून बसल्या.

त्या दिवशी ओमनाचेचीनं भर नाक्यावर, चारचौघांत सांगितलं होतं, “माझ्या सासूला टेकायला पक्का बाक आणि डोक्यावर पक्कं छप्पर मिळेपर्यंत मी इथून हलणार नाही.” आता आपल्याकडे कुणी असं बोललं की पुढचं सगळं आपोआप होतं. संध्याकाळपर्यंत कृती समिती झाली, दुसऱ्या दिवशी बांबू आले, ताडपत्री आली, साखळी उपोषण सुरू झालं. पहिल्या आठवड्यात बसायला जागा नव्हती. सगळ्या पक्षांचे झेंडे, रोज एकाला शाल, रोज एकाला हार, संध्याकाळी उपोषण सोडायला लिंबूपाणी. मग हळूहळू एकाची भातकापणी निघाली, दुसऱ्याच्या पोराची परीक्षा आली, तिसऱ्याला आखातातून आलेल्या मेव्हण्याला भेटायचं होतं. उरले दोघं, ओमनाचेची आणि पौलोसचेट्टन. आज ही बसली की ते उद्घाटक, उद्या ते बसले की ही उद्घाटक.

ओमनाचेचीला राग गेलेल्यांचा नव्हता. तिचं डोकं फिरायचं ते बसची वाट बघत उभं राहणाऱ्यांकडे बघून. मंडपात सावली. मंडपात सतरंजी. आणि ही माणसं चार पावलांवर, उन्हात, छत्र्या उघडून, पाठ करून उभी. जसं काही मंडपात कुणाचं लग्न आहे आणि यांना आमंत्रण नाही!

“त्रेस्या, ये की आत. बस सावलीला,” ओमनाचेचीनं मासेवाल्या त्रेस्याला हाक मारली. त्रेस्या डोक्यावर माशांचं घमेलं घेऊन घामाघूम उभी होती.

“नको गं बाई. मला राजकारणात नाही पडायचं.”

“अगं, सावलीत बस म्हणतेय मी!”

“आधी सावली, मग घोषणा, मग पोलीस,” त्रेस्या म्हणाली. “माझे बांगडे नासतील तेवढ्यात.”

“तुझ्यासाठीच बसलेय ना मी इथे उपाशी? शेड काय माझ्या माहेरी नेणार आहे?”

“म्हणून तर तू बसलीयेस तोवर मला काळजी नाही,” त्रेस्या शांतपणे म्हणाली आणि बस आली तशी चढून गेली. आता अशा बाईला काय म्हणावं? ओमनाचेचीनं जे म्हणायचं ते म्हटलं. माईक तेव्हाही चालू होता.

पौलोसचेट्टन, म्हणजे सगळ्या गावाचे पौलोसदादा, पूर्वी विमा विकायचे. उत्साह हे त्यांचं खास खातं. त्यांनी घसा साफ केला. “चेची, चिडू नका. आंदोलन म्हणजे विम्याची पॉलिसी. पहिला हप्ता सगळे हौसेनं भरतात. पुढचे हप्ते भरून घ्यायचे तर गिऱ्हाइकाला गोडी लावावी लागते. आपण मंडपात नुसत्या घोषणा ठेवल्यात. घोषणा ऐकायला कोण येणार? बसायला काहीतरी द्या.”

“लोकांना हक्कासाठी यायलाही लाच द्यायची?”

“लाच नाही हो. बाक.”

तर आधी बाक आला, पौलोसचेट्टनच्या घरच्या पडवीतला. पहिल्या दिवशी कुणी बसलं नाही. दुसऱ्या दिवशी एक म्हातारा बुड टेकून बसला, अर्धा आत आणि अर्धा बाहेर, म्हणजे विचारलंच कुणी तर नाकारता यावं. मग पौलोसचेट्टननी सकाळचं वर्तमानपत्र ठेवलं. आणि वर्तमानपत्र ठेवल्यावर मग काय विचारता! आपल्या गावात माणूस चहावाचून राहील, पण पेपर दिसला की तो पहिल्या पानापासून निधनवार्तांपर्यंत वाचल्याशिवाय उठायचा नाही. बाक भरला. आणखी दोन बाक आले. जिरं घालून उकळलेल्या पाण्याचा माठ आला. मग समोरच्या दुकानातून वायर ओढून पंखा आला. वायर ओढताना दिवाकरननं विचारलं, “विजेचं बिल कुणाच्या बापाचं?” त्यावर ओमनाचेचीनं दिलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

पंखा फिरला आणि मंडप फुलला. कॉलेजच्या पोरी मोबाइल चार्जिंगला लावून बसायला लागल्या. त्रेस्या घमेलं बाकाखाली सारून पाय पसरून बसायला लागली. कल्याणीअम्मा तर इस्पितळात जायचं नसलं तरी सकाळी पावडर लावून यायच्या, पंख्याखालच्या लाल प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याच्या घरची हालहवाल काढायच्या. ओमनाचेचीला इतकं बरं वाटलं की ती कपाटातली सोनेरी काठाची कसवाची साडी नेसून उपोषणाला बसली. समोर तुडुंब माणसं! तिनं माईक घेतला, मूठ उगारली आणि सगळा जीव एकवटून ओरडली, “इन्किलाब—”

तेवढ्यात बस आली. मंडप रिकामा. “झिंदाबाद” म्हणायला खुर्चीतल्या अम्मा तेवढ्या राहिल्या होत्या, आणि त्यांच्या तोंडात पान होतं.

हे रोजचंच झालं. इन्किलाब म्हणावं आणि बस यावी. ओमनाचेचीनं वेळापत्रक बघून दोन बसच्या मधल्या वेळात इन्किलाब ठेवला, तर लोक म्हणायला लागले, “चेची, जरा हळू. पेपर वाचतोय.” हळू? क्रांती हळू? तिच्या अंगाची लाही लाही झाली. वर तक्रारी सुरू. पंख्याचा वारा डाव्या बाकापर्यंत येत नाही. माठातलं पाणी कोमट आहे. पेपर याच पक्षाचा का, त्या पक्षाचा का नाही? एक मास्तर तर तिला बाजूला घेऊन म्हणाले, “संचालकबाई, खाली शेंगांची टरफलं पडलीत. जरा झाडून घेत चला.”

“मी उपोषणाला बसलेय, मास्तर!”

“ते उपोषण झाल्यावर झाडा ना.”

आणि झाडत होती हो ती. रोज संध्याकाळी लिंबूपाणी पिऊन, कंबरेला पदर खोचून, रिकाम्या पोटी ती मंडप झाडायची. बसवालेही आता वळणावर थांबायचे सोडून नेमके मंडपासमोर थांबायला लागले. कंडक्टर दार बडवून ओरडायचा, “उपोषण! उपोषण उतरणारे चला पटापट!” शहराच्या स्टँडवरही बायका तिकिटाचे पैसे पुढे करून म्हणायच्या, “एक उपोषण द्या.” ओमनाचेचीनं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं, तेव्हा तिला हसावं की कंडक्टरच्या कानाखाली वाजवावी तेच कळेना.

“लोक येतायत, चेची. चळवळ वाढतेय,” पौलोसचेट्टन म्हणाले.

“चळवळ नाही, चेट्टा. धर्मशाळा झालीय माझ्या मंडपाची.”

“मग शंभराव्या दिवसाचा मोठा कार्यक्रम करू. वातावरण तापवू.” दिवस शंभर भरले होते की सत्त्याण्णव, हे कुणीच मोजलं नव्हतं. पण शंभर म्हटलं की बरं वाटतं, म्हणून शंभर.

कार्यक्रम म्हटला की समई आली, आणि समई आली की ती पेटवायला उद्घाटक आला. आपल्याकडे उद्घाटनाशिवाय सभा म्हणजे मिठाशिवाय मासा. पण उद्घाटक होते कुठे शिल्लक? चर्चचे फादर झाले होते, मौलवी झाले होते, देवळाचे विश्वस्त झाले होते. वाचनालयाचे अध्यक्ष, फुटबॉल क्लबचा गोलकीपर, दाताचे डॉक्टर, सगळे होऊन गेले होते. नाक्यावरचा न्हावी तर दोनदा झाला होता आणि तिसऱ्यांदा शालीवर अडून बसला होता.

“एक जण राहिलाय,” पौलोसचेट्टन दबकत म्हणाले. “मेंबर सुगतन.”

“काय? अहो, त्याच्याच विरुद्ध बसलोय ना आपण?”

“विरुद्ध आहोत म्हणून काय झालं? उद्घाटक तो उद्घाटकच.”

ओमनाचेची फणफणली. पण मग तिच्या डोक्यात एक विचार आला आणि तिचे डोळे चमकले. “बोलवा त्याला. मान देऊन बोलवा. समई पेटवू दे, बसू दे समोर, आणि मग मी उठते आणि सगळ्या गावासमोर त्याचं धोतर सोडते.” म्हणजे जाब विचारते, असं तिला म्हणायचं होतं.

सुगतन आला. नाक्यावर गाडीतून उतरताना त्यानं गुडघ्यापर्यंत दुमडलेली पांढरी लुंगी आदरानं खाली सोडली, अम्मांच्या पाया पडला, ओमनाचेचीला हात जोडले. मंडपाकडे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असं सावकाश बघितलं. पंखा बघितला. बाक मोजल्यासारखे बघितले. आणि असा काही हसला की ओमनाचेचीनं वळून पौलोसचेट्टनकडे बघितलं. मग त्यानं समई पेटवली. समई पेटली की टाळ्या वाजवायच्या ही आपली सवय, तशा सगळ्यांनी वाजवल्या. त्याच्या नेहमीच्या फोटोवाल्यानं “हसा, चेची, हसा” म्हटलं, आणि फोटोवाला हसा म्हणाला की हसायचं ही दुसरी सवय. ओमनाचेची हसली. घात झाला तो तिथे.

“बंधू-भगिनींनो,” सुगतन माईकवर म्हणाला, “लोकांनी मनावर घेतलं तर काय होऊ शकतं, हे चेंबुपाऱ्यानं दाखवलं! बाक आहेत, पाणी आहे, वारा आहे. अशी बसशेड अख्ख्या तालुक्यात नाही. ही शेड मी आज जनतेला अर्पण करतो!”

लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. ओमनाचेची ताडकन उठली, माईक हिसकावला, “अहो, कसली शेड? ही—” आणि बस आली.

दुसऱ्या दिवशी मंडपातच, बाकावर बसून, मास्तरांनी मोठ्यानं बातमी वाचली. ‘चेंबुपारा येथे लोकसहभागातून बसशेड. सदस्य सुगतन यांच्या हस्ते लोकार्पण.’ वर फोटो. समई, सुगतन आणि दात दाखवणारी ओमनाचेची.

“फोटो छान आलाय हं तुझा,” त्रेस्या म्हणाली.

ओमनाचेची तशीच उठली आणि पंचायतीत गेली. सुगतननं तिला खुर्ची दिली, चहा मागवला. उपोषण आहे म्हटल्यावर चहा स्वतः प्यायला.

“शेडचं काय झालं, मेंबर?”

“कुठली शेड, चेची? शेड तर झाली.”

“तो उपोषणाचा मंडप आहे!”

“माणसं बसतात ना त्यात?”

“बसतात.”

“बस थांबते ना तिथे?”

“थांबते. पण—”

“मग त्याला शेड नाही तर काय म्हणायचं? दिवा लागला, टाळ्या झाल्या, फोटोत तुम्ही खुदखुदून हसताय. आता एका नाक्यावर दोन-दोन शेड बांधल्या तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील.” तो पुढे झुकला. “तुमच्या शेडसाठी आलेलं लोखंड-सिमेंट वाया नाही हं घालवलं. आमच्या गल्लीच्या तोंडाशी स्वागतकमान उभी करतोय. या उद्घाटनाला.”

बाहेर खरंच लोखंडी गजांचा भारा आणि सिमेंटची पोती पडली होती. तिच्या सासूच्या डोक्यावरचं छप्पर ते! ओमनाचेचीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. रस्ताभर तिला एकच दिसत होतं. इतके दिवस उपाशी बसून, इतके दिवस टरफलं झाडून, तिनं सुगतनला त्याची शेड फुकटात बांधून दिली होती. तिचं स्वतःचं वचन, चारचौघांत दिलेलं, तिनं स्वतःच्या हातानं मातीत घातलं होतं. ती दुकानात शिरली, मशीनवरची कापड कापायची मोठी कात्री उचलली आणि रस्ता ओलांडला.

“ओमने! कुणाला मारायला निघालीस?” दिवाकरन मागे धावला.

“मंडप कापायला! मंडप नाही म्हणजे शेड नाही. शेड नाही म्हणजे त्याला बांधावी लागेल. कर म्हणावं आता उन्हाचं लोकार्पण!”

तिनं पहिली दोरी कापली. ताडपत्रीचा एक कोपरा मास्तरांच्या पेपरावर आला. मंडपात एकच गिल्ला झाला.

“ए चेची, काय करतेयस?”

“मंडप पाडतेय.”

“असा कसा पाडतेस? आम्ही बसायचं कुठे?”

“उन्हात! सुगतनच्या घरी! मला काय विचारता? मंडप समितीचा आहे.”

“समितीचा कसा? लोकांचा आहे! पेपरात आलंय,” मास्तर म्हणाले.

तिनं दुसऱ्या दोरीला कात्री लावली, तर काय व्हावं? त्रेस्या! जिला राजकारणात पडायचं नव्हतं ती त्रेस्या उठली आणि तिनं बांबूला मिठी मारली. माशाच्या घमेल्यासकट. “आधी माझे हात काप, मग दोरी काप!” कॉलेजच्या पोरींनी दुसरा बांबू धरला. मास्तर तिसऱ्या बांबूशी मांडी घालून बसले. बस आली. ओमनाचेची वाट बघत थांबली, की आता जातील सगळे. कंडक्टर ओरडला, “चला, चला!” एकही माणूस हलला नाही. बस रिकामी गेली. उलट बसमधले चार जण उतरून बसले.

ओमनाचेचीची कात्री हातातच राहिली. “अम्मा,” तिनं शेवटचा उपाय म्हणून सासूकडे बघितलं, “तुम्ही उठा. तुमच्यासाठी चाललंय हे सगळं.”

“माझ्यासाठी चाललंय तर मग मला बसू दे,” कल्याणीअम्मा खुर्चीचे हात घट्ट धरून म्हणाल्या. “इतक्या दिवसांनी पंख्याखाली बसायला मिळालंय. मी नाही उठणार. काय करायचं ते कर.”

आणि मग मागून कुणीतरी, जरा लाजतच, म्हणालं, “ओमनाचेची मुर्दाबाद.”

“मुर्दाबाद,” आणखी दोघंतिघं पुटपुटले. एक जण आधी, एक जण नंतर. मास्तर तर “झिंदाबाद” म्हणाले आणि मग जीभ चावून बसले.

ओमनाचेची लालबुंद झाली. या माणसांसाठी ती उपाशी बसली! या माणसांनी तिला कधी एक धड झिंदाबाद दिला नाही! आणि आज तिच्याविरुद्ध ओरडताहेत, तेही असं मेल्यासारखं? आपल्या विरुद्ध असली तरी घोषणेची अशी विटंबना तिला बघवेना. तिनं कात्री कमरेला खोचली आणि माईक उचलला.

“ही घोषणा आहे की कण्हणं? पोट आवळा! मूठ वर! मास्तर, मूठ, बोट नाही! मी अर्धं म्हणेन, तुम्ही पुरं करायचं. ओमनाचेची—”

“मुर्दाबाद!”

“चर्चपर्यंत गेलं नाही. ओमनाचेची—”

“मुर्दाबाद!!” ताडपत्री थरथरली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या अर्ध्या घोषणेला पुरं उत्तर आलं होतं. तिनं माईक आणखी जवळ घेतला.

“आता मागणी सांगा. काय पाहिजे?”

“मंडप पाहिजे!”

“अरे, ताडपत्री किती दिवस टिकेल? आज मी कापली, उद्या वारा फाडेल. बांबूला मिठ्या मारून आयुष्य काढणार का? मागायचं तर पक्कं मागा. आणि माझ्याकडे मागू नका, माझ्याकडे कात्रीशिवाय काही नाही. ज्याच्याकडे सिमेंट पडलंय त्याच्याकडे मागा. चला पंचायतीवर!”

आणि निघाले हो सगळे! पुढे घमेलं घेतलेली त्रेस्या, मागे पोरी, मास्तर, भर रस्त्यात बसवाल्यांना थांबवणारे पौलोसचेट्टन, आणि लग्नाचे ब्लाउज तसेच टाकून आलेला दिवाकरन. अम्मांनीही यायचा हट्ट धरला. चार पावलं चालायच्या आणि बसायला मागायच्या, म्हणून ओमनाचेची सर्वांत मागे, लाल खुर्ची डोक्यावर उलटी घेऊन. तिचं तोंड खुर्चीत, फक्त आवाज बाहेर. मागणी नवी झाली, पण घोषणा बदलायला कुणाला सवडच मिळाली नाही.

“अगं, ही तुझ्याविरुद्ध आहे ना?” दिवाकरननं खुर्चीखाली वाकून विचारलं.

“असू दे. ताल बसलाय. आता बदलू नका.”

पंचायतीच्या ओट्यावर सुगतननं लांबूनच ऐकलं. ओमनाचेची मुर्दाबाद! त्याला आधी खरंच वाटेना. मग त्यानं घाईघाईनं लुंगी खाली सोडली, फोटोवाल्याला हाक मारली आणि माईक मागवला. अशी संधी मेंबराच्या आयुष्यात कितीदा येते?

“काय झालं, त्रेस्याचेची? कुणी छळलं तुम्हाला?”

“ओमनाचेचीनं मंडपाला कात्री लावली! आम्ही बसायचं कुठे?”

“कात्री? जनतेच्या शेडला?” सुगतननं छातीवर हात ठेवला. “बंधू-भगिनींनो, हा सुगतन जिवंत असेपर्यंत तुमच्या सावलीवर कुणाची कात्री चालणार नाही! मी तुम्हाला अशी शेड देतो की ओमनाचेचीची काय, कुणाचीही कात्री लागणार नाही. सिमेंटची! लोखंडी खांबांची!”

“कधी?” मागून, खुर्चीखालून, एक आवाज आला.

“लवकरच!”

“मागच्यासारखं लवकर?”

“उद्या! उद्या सकाळी पाया खणतो! हे बघा, गज इथेच पडलेत, सिमेंट इथेच आहे!”

“कमानीचं काय?”

“कमान गेली खड्ड्यात! जनतेपुढे कमान काय मोठी?”

“बाक?” मास्तरांनी विचारलं.

“बाकांसकट!”

“पंखा?” त्रेस्या म्हणाली. “आणि वारा डाव्या बाकापर्यंत आला पाहिजे.”

“दोन पंखे!” सुगतन ओरडला. टाळ्यांचा कडकडाट झाला. फोटोवाला म्हणाला, “हसा, मेंबर, हसा,” आणि मेंबर सवयीनं तोंडभर हसला.

तेव्हा ओमनाचेचीनं डोक्यावरची खुर्ची उतरवली, ओट्यासमोर नीट ठेवली आणि अम्मांना तीत बसवलं. सुगतनचं हसू अर्ध्यावर राहिलं.

“फोटो आला का रे?” तिनं फोटोवाल्याला विचारलं. “मेंबर हसतायत ना त्यात?”

“एकदम खुदखुदून, चेची.”

“मग झालं. टाळ्या झाल्या, फोटो झाला. मेंबर, उद्या सकाळी येतो आम्ही सगळे. कुदळ आमची.”

सुगतन तिच्याकडे बघत राहिला, मग गर्दीकडे, मग गजांच्या भाऱ्याकडे. एक बाई त्याच्या सिमेंटच्या पोत्यावर आधीच बसली होती.

“चेची, आता कुठली घोषणा द्यायची?” त्रेस्यानं विचारलं. “जिंकलो ना आपण?”

“आपण?” ओमनाचेचीनं तिच्याकडे असं बघितलं की दुसरी कुणी असती तर जमिनीत गेली असती. पण त्रेस्याची मूठ अजून वरच होती, आणि घामाघूम झालेल्या त्या माणसांपैकी एकानंही आपली मूठ खाली घेतली नव्हती. ओमनाचेचीनं पदरानं तोंड पुसलं.

“तीच द्या,” ती म्हणाली. “पाया खणेपर्यंत मोडू नका. ओमनाचेची—”

“मुर्दाबाद!” सगळा रस्ता गरजला. आणि त्यात, पक्की शेड कबूल झाल्याच्या आनंदात, सगळ्यांत खणखणीत आवाज सासूबाईंचा होता.